नागीण कुणाला लागत नाही

लोकांना वाटतं, आमच्या ताईला गप्प करायचं तर तिच्या तोंडात टाचण्या असताना तिला गाठावं. साफ चूक. ती टाचण्यांच्या फटीतून बोलते. पडदे शिवणाऱ्या कारखान्यात तिचा जन्म गेला, आणि तिथल्या बाया सांगतात की ताईच्या तोंडातून आजवर एक टाचणी खाली पडली नाही आणि एक शब्द आत राहिला नाही. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली तर ही खालच्या दारापासून आरोळी ठोकत तिसऱ्या मजल्यापर्यंत येणार. अशा बाईनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि ती नेमकी माझ्यापासून.

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको.

ताई माझी नणंद. आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अजून बुटाची नाडी बांधायला शिकत होता. बाप बोटीवर कामाला, घरी येणार पाहुण्यासारखा. ताईनं शाळा सोडली आणि मशीनवर बसली. त्याची आंघोळ, त्याचे पाढे, त्याच्या डोक्यातल्या उवा, सगळं तिनं केलं. पुढे तिला मागण्या आल्या. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "भाऊ बरोबर येईल, चालेल ना?" ज्यांना चाललं नाही ते जिन्यावरूनच माघारी गेले आणि ज्यांना चाललं असतं ते हिला आवडले नाहीत. राहून गेलं लग्न. माझ्या लग्नात ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "दिला नाहीये हं तुला, वापरायला दिलाय!" सगळे खो खो हसले. मीही हसले. अक्कल नव्हती, दुसरं काय.

पण वाईट नव्हती हो. खोटं कशाला बोलू? माझी गुडघेदुखी असो की दुकानातली कटकट, पहिली धावून येणार ती. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते, तिथे मालकाशी माझं भांडण झालं तेव्हा ही हातातली कात्री न ठेवताच तिथे पोचली होती. मालक अजून तिला बघून आत जातो. मोठमोठ्या सभागृहांचे पडदे ती एकटी शिवायची. खालच्या दुमडीत वजनाची साखळी ओवायचं काम सगळ्यांत किचकट, ते दुसऱ्या कुणाला करूच द्यायची नाही. "साखळी नीट बसली नाही तर पडदा फुगतो, आणि फुगलेला पडदा म्हणजे माझं नाक कापलं," असं तिचं म्हणणं.

नवरा माझा लिफ्ट दुरुस्त करणारा. ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन घरी यायचा आणि दाराचं हँडल रोज माखवायचा. मग तो दमायला लागला. जिना चढताना थांबायचा. मी चिडवायची, "दुनियेला वर-खाली नेतोस आणि स्वतः पायऱ्यांना भितोस?" तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी तो हटला, पण परत येणार असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याच्या हाडांतली मज्जा पुसून काढायची आणि दुसऱ्याच्या मूळ पेशी घालायच्या, एवढाच मार्ग. भावंडांत जुळायची शक्यता चारांत एक.

"चारांत एक कशाला?" ताई म्हणाली. "आम्ही दोघंच आहोत. जुळणारच."

आणि जुळलं की! शंभर टक्के. ताई नाचायची तेवढी बाकी राहिली. सुया घेतल्या, हाडं ठणकली, दोन्ही दंडांत नळ्या घालून दिवसभर एका खुर्चीत पडून राहिली. पिशवीत टोमॅटोच्या सूपसारखं काहीतरी जमलं. ते बघून म्हणते, "एवढंच? बादली आणा." काही महिन्यांनी त्याचा रक्तगट बदलून तिचा झाला. मग तर काय विचारता! कारखान्यात, बसमध्ये, भाजी घेताना, सगळीकडे तेच. "आता तो माझा भाऊ नाही राहिला, तो मीच आहे!" मला बरं वाटायचं ऐकून. ज्या बाईनं माझं कुंकू राखलं तिला दोन दिवस मिरवू दे, म्हणायची मी.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावलं. रक्ताचे आकडे लवकर सुधारतात, त्याला भुलू नका. लहानपणापासून शरीरानं जे जे आजार ओळखून ठेवले होते ते सगळं पुसलं गेलंय. पाटी कोरी आहे. नव्या पेशींना विषाणू ओळखायला शिकायचं आहे आणि त्या शिकण्यात वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर तुम्हाला साधी वाटणारी गोष्ट ह्यांचा जीव घेऊ शकते. झालं. मी दाराशी खुर्ची टाकली. साबण, मास्क, ताप बघायचं यंत्र. येणाऱ्याला माझे तीनच प्रश्न: ताप? सर्दी? अंगावर काही? माझ्या सख्ख्या भावाला नाक ओढलं म्हणून मी दारातून परत पाठवलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. नवरा मला 'फौजदार' म्हणायला लागला. "फौजदार, शिंकू का?" असं आतून विचारायचा. हसायचो दोघं. डोळ्यांत तेल घालून राखला हो मी त्याला.

मध्येच त्याच्या मूत्रपिंडांवर ताण आला. विषाणूंपासून राखणारी एक गोळी रोज चालू होती, ती डॉक्टरबाईंनी काही आठवडे थांबवली. "ह्या दिवसांत जास्त जपा," म्हणाल्या. मी दारातली खुर्ची आणखी पुढे सरकवली.

ताई कारखान्यातून सुटली की थेट आमच्याकडे. तिला मी कधी अडवलं नाही, पण विचारायची मात्र तिलाही. त्या आठवड्यात ती वाकडी वाकडी बसायला लागली. एका कुशीवर हात धरून.

"काय झालं ताई?"

"मशीननं कंबर धरलीय गं. वय झालं, अजून काय."

"अंगावर काही?"

"अंगावर कपडे आहेत. ते पण काढू का?"

हसले मी. आणि मूर्खासारखी आत जाऊन गरम पाण्याची पिशवी भरून आणली तिच्या कंबरेला. माझ्या हातानं. ती पिशवी तिनं कंबरेला लावली नाही, मांडीवर घेऊन बसली, तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

दोनेक आठवड्यांनी त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी छातीवर लाल ठिपके, मग त्यात पाणी. संध्याकाळपर्यंत डोक्यात, तोंडात, पापणीवर, जागा म्हणून राहिली नाही. श्वास लागायला लागला तसं मी गाडी बोलावली. हॉस्पिटलात त्याला काचेच्या खोलीत घेतलं आणि आम्ही दोघी बाहेर, पिवळ्या भिंतीला टेकून.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "कांजिण्या आहेत. फुप्फुसापर्यंत गेल्यात. घरात कुणाला आल्या होत्या?"

"छे," मी म्हटलं. "चिमणीला विचारल्याशिवाय आत येऊ दिलं नाही मी. आणि त्याला लहानपणी येऊन गेल्यात. ताईनंच काढल्यात. एकदा आल्या की परत कुठे येतात?"

"त्या जुन्या शरीराला आल्या होत्या. ह्या रक्ताला माहीत नाहीत. बरं, कुणाला नागीण झाली होती?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला. इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

"मला झालीय. कंबरेला. पण नागीण कुणाला लागत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग अगदी शांतपणे सांगितलं. आपण दोन नावं ठेवलीत म्हणून आजार दोन होत नाहीत. विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या होऊन जातात तेव्हा तो जात नाही, नसांमध्ये झोपून राहतो. वय झालं, थकवा आला की उठतो, तेव्हा त्याला नागीण म्हणतात. नागीण नागीण म्हणून दुसऱ्याला लागत नाही हे खरं, पण तिच्या फोडातलं पाणी ज्याच्याकडे ओळख नाही त्याला लागलं, तर त्याला कांजिण्या येतात.

"तेव्हाच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं. हे टळू शकलं असतं."

ताई भिंतीला घट्ट टेकली. "पण बाई, त्याच्यात रक्त माझंच आहे ना? माझं मलाच कसं बाधेल?"

"पेशी तुमच्याच आहेत. पण त्या तिथे नव्यानं वाढताहेत. ज्या थोड्या ओळख घेऊन आल्या त्यांना आम्हीच औषध देऊन दाबून ठेवलंय, नाहीतर त्या ह्यांच्याच अंगावर उलटतील."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोंडाला येईल ते बोलले मी. कुंपणानंच शेत खाल्लं म्हटलं. केसानं गळा कापलात म्हटलं. "मी रोज विचारत होते ना? रोज! आणि तुम्ही माझ्या तोंडावर थट्टा करत होतात! दोन दिवस घरी बसला असतात तर काय मोठेपणा कमी झाला असता तुमचा? रक्त दिलंत म्हणून मारायचा परवाना मिळाला का?" जाणारे-येणारे थांबले. एक नर्स माझा दंड धरायला आली, तिलाही झटकलं.

आणि ताई, जी आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही, ती अवाक्षर बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. लिफ्टनंसुद्धा नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. नसेतून औषध चालू, पण मूत्रपिंडं आधीच नाजूक, त्यामुळे डॉक्टरबाई तारेवरची कसरत करत होत्या. नाकाला प्राणवायू. चेहरा सुजून ओळखू न येणारा. मी रोज सकाळी काचेबाहेर उभी राहायची आणि बाई मला एकच सांगायच्या: औषध विषाणूला रोखून धरतंय, पण हाकलायचं काम पेशींनी करायला हवं. त्या शिकल्या तर वाचले. जीव नुसता टांगणीला. कुणाला तरी हात जोडून म्हणावंसं वाटायचं, शिका गं बायांनो, लवकर शिका.

ताई हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसायची. वर यायची नाही. मी तिच्या समोरून जायची आणि मान फिरवायची. एकदा तिनं डबा पुढे केला. मी म्हटलं, "ह्यात काय घालून आणलंय?" तिनं डबा परत पिशवीत ठेवला. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. गार गार वाटलं.

मग एका सकाळी नवा फोड दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जुन्यांवर खपल्या धरायला लागल्या. बाई हसत बाहेर आल्या. लढणाऱ्या पेशी वाढल्यात, आणि ह्या विषाणूला ओळखणाऱ्या आहेत त्यांत. "शिकल्या," म्हणाल्या. बाजूला उभी असलेली नर्स म्हणाली, "म्हणजे शेवटी बहिणीनंच वाचवलं की!" तिचं काही चुकलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या बाईचं नाव काढायचं नाही म्हणून मी शपथ घेतली होती, ती माझ्या नवऱ्याच्या अंगात थेंबाथेंबात बसली होती.

त्याला घरी आणलं. ताईला दार बंदच होतं. रोज दुपारी मी त्याच्या पाठीला औषध लावायची, खपल्यांना धक्का न लावता, कापसानं टिपून टिपून. तसंच एकदा लावत होते. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तिला येऊ दे आता," तो म्हणाला.

"नाव काढू नकोस."

"तिचा काही दोष नाही."

"हो ना! दोष माझाच. मीच पुढे होऊन कंबर शेकायला पिशवी दिली."

तो भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तिची नागीण. पहिल्या दिवसापासून. तू दुकानात होतीस. ती वाकली आणि कळवळली, म्हणून मी दाखव म्हटलं. तिनं दाखवली. तीच म्हणाली, बायकोला सांग, मी येत नाही काही दिवस. मीच म्हटलं, फौजदाराला कळू देऊ नकोस. तुझंच रक्त आहे माझ्यात, तुझं मला काय बाधणार?"

माझा कापूस हातातच राहिला. ते वाक्य ताईचं नव्हतं. ते ह्यानं तिला दिलं होतं, आणि ती बिचारी ते माझ्यासमोर आणि डॉक्टरबाईंसमोर जसंच्या तसं म्हणाली होती.

"तुला खरंच तसं वाटत होतं?" मी विचारलं. मला त्यानं हो म्हणायला हवं होतं. देवाशपथ सांगते, हो म्हणाला असता तर मी सगळं गिळलं असतं. अडाणीपणा माफ करता येतो.

"नाही," तो म्हणाला. "गोळी थांबवली त्या दिवशी नर्सनं बजावलं होतं, कांजिण्या आणि नागीण, दोन्हींपासून लांब राहा. तू खाली औषधांच्या रांगेत होतीस."

"मग?"

"तू तिला दारातनं घालवली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तिला लागलं असतं. तिनं मला वाढवलं, वर हे दिलं. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, तू माझ्या घरी येऊ नकोस?"

"आणि मेला असतास तर?"

"तिनं दिलेलं होतं. तिच्याकडे गेलं असतं."

काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही म्हणतात, तशी ती बहीण-भावंडं. त्यानं तिला झाकलं आणि तिनं त्याला. फरशीवर उभी राहून माझ्या शिव्या खाल्ल्या, बाकावर बसून उन्हं अंगावर घेतली, पण 'त्याला माहीत होतं' एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. आणि हा काचेआडून बघत होता, मी तिला फाडून खात होते ते. बरा झाल्यावरही इतके दिवस माझ्या हातून औषध लावून घेत होता.

"आणि मी?" मी विचारलं. "तुमच्या ह्या देण्या-घेण्यात मी कोण?"

तो वळला. त्याला प्रश्नच कळला नाही. खरोखर कळला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तू काय," तो म्हणाला, "तू आहेसच की."

मी राहिलेल्या पाठीला औषध लावलं. अर्धवट सोडणं माझ्यात नाही. हात धुतले. ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा राग आला आणि आवाज आला नाही. ज्याच्यासाठी मी माझ्या भावाला तोडलं, दाराशी कुत्र्यासारखी बसले, त्यानंच आतून कडी काढून ठेवली होती, आणि माझ्या पहाऱ्यावर मजेनं हसत होता. ताईनं मला फसवलं ते भोळेपणानं. ह्यानं समजून उमजून फसवलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कारखान्यात गेले. ताई मशीनवर होती. मला बघून उठली, तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीला टोचल्या. मी म्हटलं, "चुकलं माझं. या तुम्ही." ती रडली. मी नाही रडले. तिला मी माफ केलं, मनापासून केलं. तिला कुणी खरं सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ती आली. दारातली खुर्ची मी माळ्यावर टाकली होती. ताप बघितला नाही, काही विचारलं नाही. आत वळून हाक मारली, "अहो, तुमच्या ताई आल्यात."

ताईनं गालावर हात ठेवला. "अगंबाई! अहो? जन्मभर अरे-तुरे करणारी तू! बघ रे, आजारपणानं हिला नवऱ्याची किंमत कळली!"

ते बाहेर आले. चेहऱ्यावर खपल्यांचे डाग, अंगात ताईचं रक्त. माझ्याकडे बघत उभे राहिले. ताईला जे कळलं नाही ते त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि परत मिटलं. ताईचं आपलं सुरू झालं होतं, शेजारची मांजर आणि नवा पडदा आणि कोण काय म्हणालं.

मी चहा टाकला. कप मांडले. ताईच्या कपात दोन चमचे साखर घातली. मग त्यांच्याकडे वळले.

"तुम्हाला साखर किती लागते?" मी विचारलं.